मोठ्या आत्याच्या ताली

आमच्या मोठ्या आत्याच्या रानातून पाय झाडल्याशिवाय कुणालाही बाहेर पडता यायचं नाही. रानाच्या तोंडाशी एक चपटा दगड होता. त्यावर उभं राहायचं, चपला काढून एकमेकींवर आपटायच्या, तळव्याची माती पुसायची आणि मगच गाडीवाटेला लागायचं. मोजणीला आलेला सरकारी माणूस असो, घरचा जावई असो, नाहीतर मत मागायला आलेला पुढारी असो, सूट कुणालाच नव्हती. "आलासा तसं जावा, माती हितंच ऱ्हाऊ द्या," असं ती म्हणायची आणि ते चेष्टेत नसायचं. माझं नवं लग्न झालं तेव्हा बायकोला घेऊन मी माळावर गेलो होतो. तिच्या टाचेच्या सँडलला बोटभर चिखल लागला होता. आत्यानं स्वतः वाकून काटकीनं तो खरवडला, मुठीत धरला आणि बांधाच्या आत नेऊन टाकला. परतताना बायकोनं मला एवढंच विचारलं की तुमच्याकडे सगळे असेच आहेत का. मी इतका ओशाळलो होतो की आत्याशी महिनाभर बोललो नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही.

गावात तिला 'तालवाली' म्हणत. ताल म्हणजे काय, हे आता चाकणच्या पोरांनाही सांगावं लागतं. उताराच्या रानात पावसाचं पाणी माती घेऊन पळू नये म्हणून उताराला आडवा दगडमातीचा बांध घालतात, ती ताल. आत्याच्या माळावर अशा अकरा ताली होत्या, एकीखाली एक. त्यातल्या तीन आजोबांच्या वेळच्या, बाकीच्या तिनं घातलेल्या. तालवाली हे नाव काही लोक कौतुकानं घेत आणि बरेचसे वैतागानं. मी दोन्हींत मोडतो.

तिची हकीकत सरळ आहे. लग्न होऊन ती देहूरोडला गेली. नवरा तिथे लष्करी डेपोत कामाला होता. चार वर्षांत तो तापानं गेला, मूलबाळ नव्हतं, आणि आजोबा तिला माहेरी घेऊन आले. आजोबांची जमीन दोन प्रकारची होती. ओढ्याकाठी काळीभोर, आणि वर माळ, जिथे नांगर लावला की मातीपेक्षा मुरूम जास्त निघायचा. काळी जमीन माझे वडील आणि चुलते कसायला लागले. माळ आजोबांनी आत्याला दिला. दिला म्हणजे तोंडानं दिला. तुझं पोट ह्याच्यावर, एवढं म्हणाले आणि विषय संपला. कागदावर ते कुठंही लिहिलं नाही, आणि तशी गरज कुणाला वाटलीही नाही. तिथपासून पुढची पन्नासेक वर्षं ती त्या उताराशी भांडत राहिली.

मे महिना बाकीच्या पोरांना सुट्टीचा. आमच्या घरात तो माती वाहायचा महिना. पावसानं वर्षभरात वरची माती खाली आणून तालीच्या पोटाशी साठवलेली असायची. ती खणायची, पाट्या भरायच्या आणि उतार चढून सगळ्यात वरच्या पट्टीत नेऊन पसरायची. वडील, चुलते, आई, काकू, आम्ही भावंडं, सगळे सकाळी सहापासून ऊन तापेपर्यंत या कामाला. आत्याचं त्यावरचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "पाणी खाली न्हेतंय, आपुन वर न्हेयाची. एवढाच शेतीचा धंदा हाय." मी विचारायचो की पाऊस ती परत खालीच आणणार असेल तर उपयोग काय. त्यावर ती म्हणायची, "तू जेवतूस, परत भूक लागतीच की न्हाई?" याचा राग पाटी उचलताना यायचा. पाटीखालची चुंबळ सरकायची, मान धरायची, डोळ्यांत धूळ जायची. त्या दिवसांत मी तिला मनातल्या मनात जितक्या शिव्या दिल्या, तितक्या पुढे कंपनीत कुठल्या सुपरवायझरलाही दिल्या नाहीत.

ट्रॅक्टर आले तेव्हा वाटलं, आता तरी सुटका होईल. पण ट्रॅक्टरवाल्याला उताराच्या दिशेनं वरखाली नांगरायचं असतं. वळणं कमी, काम झटपट. आत्याला हवी आडवी नांगरट, तालीला धरून, तिच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत जाणारी. ती ट्रॅक्टरच्या पुढे चालायची. अक्षरशः पुढे, पदर खोचून, हातात काठी घेऊन. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमायचा, ती मागे वळूनही बघायची नाही. एकदा एकानं वैतागून इंजिन बंद केलं आणि मला म्हणाला, "राव, हे रान हाय का लुगडं हाय? निऱ्या घालत बसलीया तुमची आत्या." शेवटी तिच्या रानात यायला कुणी तयार होईना. मग ती परत बैलांकडे गेली. कंपन्यांचे भोंगे ऐकू येतात अशा माळावर बैलजोडी हाकणारी आमच्या वाडीतली ती शेवटची.

दरवर्षी एक पट्टी ती पेरायचीच नाही. बाकी रानात बाजरी, मटकी, हुलगा, कडेनं तूर. पण एक पट्टी मोकळी. "औंदा हिला निजू द्या," म्हणायची आणि धनगराला बोलावून तिथे खतासाठी मेंढरं बसवायची. चुलते म्हणायचे, आधीच खडक, त्यात निम्मं रान झोपवतेस. ती ऐकून घ्यायची आणि तिला करायचं तेच करायची. हे सगळं मला तेव्हा हट्टीपणा वाटत होतं. पण वीसेक वर्षांनी त्या माळावर हातभर खणलं तरी मुरूम लागेना. तालींवर करंज आणि बोर उगवून मुळ्या दगडांत घट्ट बसल्या होत्या. खालच्या अंगाची विहीर, जी पूर्वी होळीला तळ दाखवायची, ती वैशाखापर्यंत पाणी धरायला लागली. आम्ही ते पाणी प्यायलो आणि कुणीही तिला बरं केलंस म्हणालो नाही. मीही नाही.

दरम्यान ओढ्याकाठची काळी जमीन कारखान्यांसाठी गेली. तिथे आता नव्या गाड्या ओळीनं उभ्या असतात, उन्हात चमकतात. मी आयटीआय करून त्याच पट्ट्यातल्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो आणि पुढे चिखलीला फ्लॅट घेतला. आत्या मला 'इंजनेर' म्हणायची. मी इंजिनीअर नाही, फिटर आहे, हे तिला शंभर वेळा सांगितलं. "आसंल, पर पँट तर इंजनेराची हाय," म्हणायची. चांगली जमीन सिमेंटखाली गेली आणि ज्याला कुणी विचारत नव्हतं तो माळ तेवढा जमीन म्हणून उरला. यातली गंमत तिच्या लक्षात आली होती की नाही, मला माहीत नाही. मला मात्र त्याचा विचार आला की अजून चीड येते.

मग माळाच्या वरच्या अंगाला गोदाम झालं. त्यासाठी टेकडीचा कान कापल्यासारखा उतार कापला आणि तिथला मोकळा मुरूम एका जोराच्या पावसात आत्याच्या पहिल्या पट्टीत उतरला. उगवलेली बाजरी गाडली गेली. दुसऱ्या दिवशी आत्या मुरमानं भरलेली पाटी डोक्यावर घेऊन गोदामाच्या गेटवर गेली आणि सिक्युरिटीच्या केबिनसमोर ओतली. तुमचं आहे, तुम्ही घ्या, म्हणाली. मग दुसरी पाटी. मग तिसरी. मला फोन आला, तुमच्या आत्यांना आवरा. मी शिफ्ट अर्धी टाकून पोचलो, तर ही केबिनच्या सावलीत बसून चहा पितेय. सिक्युरिटीचा माणूस मराठवाड्यातला होता, पन्नाशीचा. तो तिला सांगत होता, "मावशे, आमच्या गावाकडली माती गेली म्हणून तर आमी हितं आलाव." त्यानंच साहेबाच्या मागे लागून वरून चर खोदून घेतला. आम्ही तिघा चुलत भावांनी मिळून जे केलं नसतं, ते त्या परक्या माणसानं केलं.

आमच्या कंपनीतही तिचा एकदा सत्कार झाला. पर्यावरणाचा कुठला तरी दिवस होता, 'माती वाचवा' असा बोर्ड होता आणि एचआरच्या मॅडमना कुठून तरी कळलं की माझी आत्या पन्नास वर्षं हेच करते. शाल, श्रीफळ आणि काळ्या पिशवीतलं एक रोप. आत्यानं रोप हातात घेतलं, पिशवीतली माती दोन बोटांत चुरली आणि माईकसमोर विचारलं, "ही माती कुणाच्या रानातनं काढली?" सगळे हसले, टाळ्या वाजल्या. ती हसली नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही आणि मी तिच्याशी बोललो नाही, कारण साहेब लोकांपुढे माझी लाज गेली असं मला वाटत होतं. लाज कुणाची जायला हवी होती, हे कळायला मला बराच वेळ लागला.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप आहे ती सांगतो. आजोबा गेले तेव्हाची. आमच्याकडे रीत आहे: बाप गेला की बहिणीला जेवू घालतात, साडी घेतात आणि तालुक्याच्या कचेरीत नेऊन तिच्याकडून हक्कसोड लिहून घेतात. या जमिनीत माझा हक्क उरला नाही, असा तो कागद. जी लिहून देते ती चांगली बहीण. जी देत नाही तिचं माहेर तुटतं. मी तेव्हा नुकताच कामाला लागलो होतो, घरात त्यातल्या त्यात शिकलेला, म्हणून कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचला, भरभर वाचला. ओढ्याकाठच्या उरल्यासुरल्या जमिनीबरोबर माळाचा गट नंबरही त्यात होता, हे मला दिसलं. मी वडिलांकडे बघितलं. ते म्हणाले, तिचं तिलाच राहणार आहे, कागदाचं काय. ते खोटं बोलत नव्हते. ते होते तोवर तिच्या माळाकडे कुणी बोट दाखवलं नाही. आत्याला तर कागद हा प्रकारच फालतू वाटत होता. "कागदावर काय बाजरी येतीया व्हय? आण हिकडं," म्हणाली, एकेक अक्षर काढत सही केली, आणि दिवस मावळायच्या आत माळावर परत गेली, कारण एका तालीचा दगड निसटला होता.

एका दगडासाठी जिवाचा आटापिटा करणारी बाई सगळा माळ एका सहीत देऊन आली. बोटाएवढा चिखल बाहेर जाऊ न देणारी. मला हे कळत नाही, आणि कळतं तेव्हा जास्त राग येतो. वडील गेल्यावर माझ्या बहिणीनंही तसाच कागद करून दिला. तोही मीच वाचून दाखवला.

वडिलांपाठोपाठ चुलतेही गेले आणि सातबारा उताऱ्यावर आम्ही तिघं आलो: मी आणि माझे दोन चुलत भाऊ. थोरला दत्ता, आणि धाकटा, जो दत्ताच्या शब्दाबाहेर नाही. चार वर्षांपूर्वी दत्तानं माळ विकत घेणारी एक पार्टी आणली. त्यांना कंटेनर उभे करायला जागा हवी होती, रस्त्याला लागून असलेली, सपाट. म्हणजे ताली काढून माळ एका पातळीत आणायचा. जमीन सामाईक, तिघांच्या सह्या हव्यात. दत्तानं आणि धाकट्यानं केल्या. माझी राहिली. मला नड होती असं नाही. नोकरी होती, घर होतं. दत्ता वाडीतच राहतो, त्याच्या घराला लागून आत्याची खोली, त्यामुळे तिला हे कळायला वेळ लागला नाही.

मी माळावर गेलो तर ती मटकी उपटत होती. वर न बघता म्हणाली, "तुझी सही ऱ्हायली हाय म्हणं."

मी हो म्हणालो.

"मी हाय तवर थांबीव. माघारी काय करायचं ते करा."

आयुष्यात तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी थांबवली. दत्ता चिडला, चिखलीला घरी येऊन बसला, समजावून गेला. "भावा, तुझं पगारावर भागतंय. आमी काय दगडं राखत बसू?" म्हणाला. त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. पण मी हललो नाही. दोन वर्षं हललो नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटत होता. आत्यासाठी काहीतरी करतोय, जुनी बाकी फिटतेय, असं वाटत होतं. त्या दोन वर्षांत दत्तानं माझ्याशी बोलणं सोडलं. त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला, तो मला दुसऱ्याच्या मोबाइलवरच्या फोटोतून कळला. जत्रेला गावदेवीला आमच्या घरातून पिढ्यान्पिढ्या एकच नैवेद्य जायचा. त्या वर्षी दोन गेले. दोन ताटं पुढेमागे देवळात जाताना सगळ्या वाडीनं बघितली, आणि आत्यानंही.

आठ दिवसांनी ती चिखलीला आली. एकटी, दोन बस बदलून, विचारत विचारत. माझ्या फ्लॅटवर ती त्याआधी फक्त वास्तुशांतीला आली होती. पाणी प्यायली, आणि पेला खाली ठेवायच्या आत म्हणाली, "सही करून टाक."

मला वाटलं दत्तानं पाठवलं. तसं विचारलंही. ती म्हणाली, त्याला माहीतसुद्धा नाही. मी सांगितलं, आत्या, ताली राहणार नाहीत, जेसीबी चार दिवसांत सगळं सपाट करेल. ती म्हणाली, ठाऊक आहे. मग कशाला, म्हणून मी ओरडलो. पन्नास वर्षं आमच्या मानेवर पाट्या दिल्यास त्या कशासाठी, असंही म्हणालो. बायको आतून बाहेर आली.

"ताल फुटली तर म्या परत घालीन," आत्या म्हणाली. "घर फुटलं तर कशानं बांधू?"

मी तिला खूप बोललो. म्हणालो, पहिल्यांदा भावांसाठी सही केलीस, आता भावांच्या पोरांसाठी माझ्याकडून करून घेतेस, तुला स्वतःचं म्हणून काही आहे की नाही. ती पदराशी चाळा करत ऐकत राहिली. आणि खरं सांगतो, ओरडता ओरडताच मला हायसं वाटत होतं. दोन वर्षं ओढून धरलेलं सुटत होतं, आणि ते मी सोडत नव्हतो, तिनं सांगितलं होतं. त्या हायसं वाटण्याची मला जितकी लाज वाटते, तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

सहीच्या दिवशी ती आमच्याबरोबर कचेरीत आली. नको म्हटलं तरी आली. नावं पुकारली तशी आम्ही तिघं टेबलापाशी गेलो, आणि आमच्या मागोमाग तीही उठून आली. कॉम्प्युटरवरच्या पोरानं यादी पाहिली. आजी, तुमचं नाव नाही यात, तुमची गरज नाही, असं त्यानं अगदी अदबीनं सांगितलं. "व्हय, न्हाईच," म्हणून ती परत बाकावर जाऊन बसली. मला तेव्हा म्हणता आलं असतं की हा माळ यांचाच आहे. दत्तालाही म्हणता आलं असतं. मी यंत्रावर अंगठा ठेवला आणि यंत्रानं तो पहिल्या खेपेलाच घेतला.

जेसीबीला चार दिवसही लागले नाहीत. अडीच लागले.

आत्या त्यानंतर सव्वा वर्ष होती. काही दुखणं नव्हतं, नुसती उतरत गेली. सही झाली, पण आमचं काही जुळलं नाही. दोन वर्षं अडवून धरल्याचा दत्ताचा राग सहीनं गेला नाही, आणि माळ गेल्याचा माझा राग त्याच्यावर निघत राहिला. मी वाडीवर जायचो तो दत्ता कामावर असताना. फोनवर ती दर वेळी एकच विचारायची: दत्ता बोलला का? मी म्हणायचो, बोलला की, कालच फोन होता त्याचा. तिचा आवाज लगेच हलका व्हायचा. मग जेवलास का, पोरं बरी आहेत का, असं दोन मिनिटं बोलून ती फोन ठेवायची.

तिचा दहावा इंद्रायणीच्या घाटावर झाला. कावळा शिवला, अगदी लगेच. लोक पांगायला लागले तेव्हा दत्ताची बायको माझ्याजवळ आली, डोळे पुसत. म्हणाली, "आत्याबाई लई समाधानानं गेल्या बघा, भावजी. रोज सांजच्याला ह्यांना इचारायच्या, तुमचा फोन आला हुता का. हे म्हणायचे, आला हुता. मग म्हणायच्या, माळ गेला तर गेला, पोरं बोलाया लागली."

दत्ता चार पावलांवर उभा होता. त्यानं ते ऐकलं होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी. मग तो त्याच्या गाडीत जाऊन बसला, आणि मी माझ्या.